वकीलपत्रावरचं दुसरं नाव

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात पुकारा होण्याआधी, माझ्या सिनियरांनी माझ्या गाऊनची बाही धरून मला पुढे ओढलं. समोर अशिलाचा चुलता उभा होता. सिनियर त्याला म्हणाले, "ही बघा. आपल्या वकीलपत्रावर हिचं नाव आहे. जज्जसाहेबांना दिसू दे, फिर्यादी बाईच्यातलंच माणूस आपल्या बाजूनं उभं आहे."

चुलत्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाला, "व्हय व्हय. लई बेस झालं. शिकल्याली बी दिसती."

मी वकील आहे. माझ्याकडे सनद आहे. हे त्याला कुणी सांगितलं नाही.

प्रकरण ॲट्रॉसिटीचं होतं. जातीवरून अत्याचार केल्याचा गुन्हा. आमचा अशील आरोपी. फिर्यादी बाई माझ्याच जातीची. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात ती शाळेतल्या मुलांसाठी खिचडी शिजवायची. फिर्यादीत असं लिहिलं होतं की, आरोपीने शिजलेल्या खिचडीचं पातेलं लाथेने पालथं केलं आणि हिच्या हातचं आमच्या पोरांनी खायचं नाही, असं जातीचं नाव घेऊन बजावलं. आरोपीचं म्हणणं, असं काही घडलंच नाही. त्या दिवशी त्याच्या अटकपूर्व जामिनाची सुनावणी होती. ॲट्रॉसिटीत हा जामीन सहसा मिळत नाही.

आरोपीला वकील मिळाला पाहिजे. कुठल्याही आरोपीला. याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

मी मूळची कुर्डुवाडीची. वडील तिथे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कायद्याची पदवी मी पुण्यात घेतली, वकिलीही तिथेच सुरू केली. नव्या वकिलाला सिनियर जे देतात त्याला कुणी पगार म्हणत नाही. त्यात पुण्यात खोलीचं भाडं निघत नव्हतं. एका खोलीत चौघी राहून मी वर्ष काढलं. मग एका सुट्टीत घरी आले तेव्हा वडील म्हणाले, "सोलापूर बघ की. तितं खोली स्वस्तात मिळंल. कायदा काय पुण्याला येगळा आन् सोलापूरला येगळा हाय व्हय?"

आई म्हणाली, "आन् शनवारी घरला येता यील. पुण्यात जेवती का न्हाय, काय कळत न्हाय."

सोलापुरात खोली स्वस्त होती. मिळत नव्हती. वकिलाला आणि पोलिसाला जागा भाड्याने द्यायची नाही, असा घरमालकांचा जुना रिवाज आहे. खाली करा म्हटलं तर हीच माणसं कोर्टात जातात, असं ते म्हणतात. विजापूर रोडला एका बाईंनी खोली दाखवली. पाणी कधी येतं ते सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. "वकिलांना नाही हो देत आम्ही," त्या म्हणाल्या. मी वकील आहे हे मी त्यांना फोनवरच सांगितलं होतं. जुळे सोलापुरात तेच झालं, फक्त तिथल्या गृहस्थांनी आधी चहा दिला. किती जणांनी वकिलाच्या काळ्या कोटाला नाही म्हटलं आणि किती जणांनी आडनावाला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सांगत नाही.

शेवटी अशोक चौकाकडे एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या माडीवर जागा मिळाली. मालकीणबाईंनी एकच विचारलं, "खाली माग चालतोय दिवसभर. आवाज चालंल काय तुमाला?" मी चालेल म्हटलं.

सिनियर मात्र एका भेटीत मिळाले. फौजदारीतलं मोठं नाव. तालुक्या-तालुक्यातले पुढारी त्यांच्याकडे येत. त्यांनी कॉलेज विचारलं, मग नाव विचारलं. नाव ऐकून खुर्चीत पुढे झाले. म्हणाले, "उद्यापासून ये."

मला आनंद झाला. विजापूर रोडच्या बाई नाव ऐकून मागे सरकल्या होत्या. हे पुढे झाले होते.

चेंबरमध्ये आणखी दोन ज्युनियर होते. दोघे मुलगे. ते साक्षीदार तपासायचे, छोट्या अर्जांवर युक्तिवाद करायचे. मी पुढची तारीख मागायची. ॲट्रॉसिटीच्या कामांत मात्र वकीलपत्रावर सरांच्या नावाखाली माझं नाव असायचं. इतर कुठल्याच कामात नसायचं. अशा कामाच्या दिवशी मला सरांच्या शेजारी उभं राहायला सांगत. बोलायला नाही. एकदा दोघांपैकी एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच आमचा अटकपूर्व जामीन." सगळे हसले. मी या कायद्यात तयार व्हावं असं सरांना वाटतं, असा अर्थ मी लावला. जुने निवाडे काढून टिपणं करायला लागले. सर टिपणं वाचत. कोर्टात ती टिपणं तोच ज्युनियर बोलून दाखवायचा.

तर तो सोमवार. चुलता मला बघून गेला. मी कोर्टाच्या दाराबाहेर थांबले. व्हरांड्यातल्या बाकावर फिर्यादी बाई बसली होती. एकटी. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग उठून जवळ आली.

"ताई, तुमी आपल्यातल्या न्हवं का?"

"हो."

"मग तिकडं कशा उभ्या?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"मी वकील आहे," मी म्हटलं. "ते माझं काम आहे."

"आस्सं," ती म्हणाली. "मला वाटलं, मिटवायला आलाय. त्येंचा चुलता मघाशी म्हणला, तुझ्यातलीच वकीलीण आणलीया, ती सांगंल तुला कसं मिटवायचं ते."

ती परत बाकावर जाऊन बसली.

सरांनी ते लांबून पाहिलं होतं. त्यांनी मला बोलावलं. "बोललीस ना? छान. आता तिला बाजूला घे. म्हणावं, मीही तुझ्यातलीच आहे. गावात राहायचंय, शाळेतलं काम टिकवायचंय. फिर्याद गैरसमजातून झाली, एवढं लिहून दे म्हणावं. तुझं ऐकेल ती."

"सर, समोरच्या पक्षकाराशी मला असं बोलता येत नाही."

"मला नियम शिकवू नकोस."

"मी बोलणार नाही, सर."

त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "मग तुला घेतलंय कशासाठी? पुण्यात पोट भरत नव्हतं म्हणून इथं आलीस. ज्युनियर मला हवे तेवढे मिळतात. तुझ्या आडनावाचा पाहिजे होता, म्हणून तू."

हे वाक्य मी शब्दशः देत आहे.

ते ऐकायला दोन्ही ज्युनियर होते. चुलता होता. ज्युनियर मोबाइलकडे बघत राहिले. चुलत्याने मान डोलावली. तिघांपैकी कुणाला नवल वाटलं नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला. टिपणं, शेजारी उभं राहणं, तो विनोद. सगळं एका रांगेत लागलं. विजापूर रोडच्या बाईंनी आडनाव ऐकून दार लावलं होतं. यांनी आडनाव ऐकून उघडलं. आडनावाच्या पुढे दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून कोऱ्या कागदावर पुरसीस लिहिली. पुरसीस म्हणजे न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन. मी या कामातून माझं वकीलपत्र मागे घेत आहे, अर्जदार आरोपीचं काम ज्येष्ठ वकील पाहतील, एवढंच. एक प्रत सरांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही. मी ती त्यांच्या फाइलवर ठेवली.

"बारमध्ये कोण उभं करणार नाही तुला," सर म्हणाले. "सोलापूर लहान आहे."

पुकारा झाला. मी पुरसीस दिली. न्यायाधीशांनी वाचून विचारलं, "ऐन सुनावणीच्या दिवशी? कारण काय?"

मी म्हटलं, "अर्जदाराविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, साहेब. या कामात मी काही केलेलं नाही. माझ्याकडून जे करून हवं आहे, ते वकिलाचं काम नाही."

न्यायाधीशांनी सरांकडे पाहिलं. "आपल्याला काही म्हणायचं आहे?"

"काही नाही," सर म्हणाले.

पुरसीस दाखल करून घेण्यात आली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. न्यायाधीशांनी विचारलं, "फिर्यादी हजर आहेत का?"

"हाय की, साहेब," बाई म्हणाली आणि उभी राहिली. तिने काही लिहून दिलं नाही. ती बोलली. काय बोलली ते न्यायालयासमोरचं आहे, इथे देत नाही.

बाहेर आल्यावर तिने मला गाठलं. "ताई, आता तुमी माज्या बाजूनं उभ्या ऱ्हावा की."

"मला राहता येत नाही," मी म्हटलं. "एकदा त्या बाजूच्या वकीलपत्रावर सही केली, आता याच कामात तुमच्याकडून उभं राहणं नियमात बसत नाही."

"म्हंजे तुमी कुनाच्याच न्हाय?"

मी तिला सरकारी वकिलांच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

दुपारी चेंबरची किल्ली परत मागण्यात आली. मी दिली. वकिलांच्या बार रूममध्ये माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते मला दोघांनी सांगितलं. एकाने सांगितलं, पुण्याची हवा लागलीय. दुसऱ्याने सांगितलं, हे लोक असेच. वडिलांना फोन केला. घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, "परत पुण्याला जातीस का?"

"नाही."

"मग ऱ्हा तितं. कुणाच्या बापाचं कोर्ट न्हाय ते."

अर्जावर नंतर आदेश झाला. आरोपीला जामीन मिळाला. बाईने फिर्याद मागे घेतलेली नाही. शाळेत खिचडी आता कोण शिजवतं, हे मला समजलेलं नाही.

मला दुसऱ्या कुठल्या चेंबरने घेतलं नाही. कोर्टाच्या आवारात बसायला जागा मिळावी म्हणून मी बारकडे, म्हणजे वकील संघाकडे, अर्ज केला. जागा नाही, असं तोंडी सांगण्यात आलं. मी लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकली आणि बसले. अशील येतात. मी त्यांची कामं घेते आणि कोर्टात स्वतः बोलते. खुर्ची उचला, असं मला सांगून झालं आहे. मी लेखी आदेश मागितला. तो अजून आलेला नाही. खुर्ची तिथेच आहे.