आईचा विळा आणि टीव्हीवरचे लोहार

आमचे हे धुळ्याच्या बस डेपोत मेकॅनिक होते. आयुष्यभर गाड्यांच्या पोटाखाली आडवे पडले आणि निवृत्त झाल्यावर टीव्हीसमोर आडवे पडले. मला फारसा फरक जाणवला नाही. आधी कपड्यांना ग्रीस लागायचं, आता सोफ्याला डोक्याचं तेल लागतं, एवढंच. सुरुवातीला ते बातम्या बघत. बातम्यांनी रक्तदाब वाढतो म्हणून डॉक्टरांनी मनाई केली. मग रिमोट दाबता दाबता त्यांना लोहारांची स्पर्धा सापडली आणि माझा रक्तदाब वाढायला सुरुवात झाली.

कार्यक्रम परदेशातला. चार धिप्पाड गडी, दाढ्या छातीपर्यंत, दंडावर गोंदण. त्यांच्यापुढे लोखंड टाकतात, घड्याळ लावतात आणि म्हणतात, बनवा चाकू. की लगेच धावपळ, ठिणग्या, घाम. सगळे हिंदी बोलतात, कारण आवाज मागून भरलेला असतो. चौघांना एकाच माणसाने आवाज दिलाय असा मला दाट संशय आहे, कारण तोच आवाज दुसऱ्या वाहिनीवर कढया विकतो.

नावं ठेवते खरी, पण बघायला बसलं की उठवत नाही, हेही सांगितलं पाहिजे. लोखंड आधी काळपट लाल होतं, मग नारिंगी, आणि पिवळं झालं की घण पडतो. आपण श्वास धरून बसतो. धुळ्याच्या उन्हाळ्यात भरदुपारी कूलरपुढे बसून दुसऱ्याला भट्टीपुढे घामाघूम होताना बघण्यात एक निराळंच सुख आहे. चिरायला घेतलेली गवार माझ्या मांडीवर तशीच राहायची आणि संध्याकाळी घरात पिठलं व्हायचं.

पण किती ताणायचं त्यालाही काही मर्यादा? जाहिरातीच्या आधी एकाचं पातं तेलात जातं, संगीत चढतं, आणि आपल्याला साबणाची वडी दाखवतात. परत येऊन बघावं तर तेच पातं पुन्हा पहिल्यापासून तेलाकडे निघालेलं. चाकू तयार झाल्यावरची परीक्षा तर विचारूच नका. नारळावर हाणतात, बर्फाच्या लादीवर हाणतात, मेलेल्या डुकरावर हाणतात, आणि या हत्याराने माणसाचं काय काय होईल ते परीक्षक मोठ्या समाधानाने सांगतात. इतके भाग पाहिले, एकालाही कोथिंबीर चिरून बघावीशी वाटली नाही.

"अहो, हा चाकू घरी नेऊन त्याची बायको काय करत असेल?" मी एकदा विचारलं.

"भिंतीवर लावत असतील," हे म्हणाले.

म्हणजे एवढा जाळ शोभेसाठी. आमच्याकडे भिंतीवर लग्नातला फोटो आहे, तोही वाकडा, आणि तो सरळ करायला यांना अजून वेळ झालेला नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची आणि तितकीच खुपायची. तापलेलं पातं तेलात बुडवताना कधी कधी बारीक आवाज येतो, टिण्ण. की समजायचं, पात्याला तडा गेला. त्या गड्याला ते पातं टेबलावर ठेवून जावं लागतं. तो हुज्जत घालत नाही, रडत नाही. सगळ्यांशी हात मिळवतो आणि पाठ फिरवून दाराबाहेर जातो. दार लागतं. पुढे त्या तडकलेल्या पात्याचं काय होतं, ते कधीही दाखवत नाहीत. यांना विचारलं तर म्हणाले, "भंगारात जात असेल." डेपोतला माणूस, त्याच्या हिशेबी सगळं शेवटी भंगारातच जातं.

नुसतं बघून भागेना, तेव्हा यांनी मागच्या अंगणात भट्टी मांडली. बसच्या ब्रेक ड्रमची चूल, त्याला वारा घालायला जुन्या कूलरचा पंखा, आणि ऐरण म्हणून भंगारातून आणलेला रुळाचा तुकडा. शिरपूरच्या रस्त्यावर एक लोहार बसतो, त्याचा सल्ला घ्यायला गेले. तो लोहार त्याच कार्यक्रमाचा भक्त निघाला. दोघांनी कोण जिंकायला हवा होता यावर दुपार घालवली, तेवढ्यात त्याची भट्टी विझली, आणि हे आनंदाने घरी आले.

पहिला चाकू त्यांनी बसच्या कमानपाट्यातून काढला. परीक्षक म्हणून गल्लीतले तीन निवृत्त गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसले. परीक्षेला वांगं. असोद्याहून, माझ्या माहेराहून, भावाने भरताची वांगी पाठवली होती, त्यातलं एक भलंमोठं यांनी पाटावर ठेवलं आणि हात उगारला. वांगं घरंगळत तुळशीपाशी गेलं. मूठ यांच्या हातात राहिली आणि पातं शेजाऱ्यांच्या कुंडीत. परीक्षकांनी आपसात बराच विचार करून मुठीचं लाकूड चांगलं असल्याचा निकाल दिला आणि चहा मागितला.

इथवर मी हसत होते. माणूस सकाळी उठून कशाच्या तरी मागे लागतो हेही मला बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. पूर्वी गल्लीत कुणाची मोटारसायकल अडली तरी हाक यायची, आता मुलं मोबाईलवर बघून दुरुस्त करतात. हे दाखवत नसत, पण मला दिसायचं. म्हणून शेंगदाण्याच्या तेलाचा अर्धा डबा त्यांनी पाती बुडवायला नेला, आणि वर त्या तेलात भजी तळता येतील असंही सुचवलं, तेव्हादेखील मी फक्त स्वयंपाकाला नवा डबा आणला.

त्याच सुमारास लेक बाळंतपणाला आली. सासर जळगावला, पहिलं बाळंतपण माहेरी. मी माळ्यावरून दुपटी काढली, आणि दुपट्यांखाली गुंडाळून ठेवलेला विळाही बघून ठेवला.

आमच्याकडे बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पूजतात. पाटा मांडायचा, त्यावर विळा ठेवायचा, दिवा लावायचा. पूजा झाली की तोच विळा बाळंतिणीच्या उशाखाली सरकवायचा, बाळाजवळ वाईट काही फिरकू नये म्हणून. आमचा विळा माझ्या आईचा. असोद्याच्या केळीच्या मळ्यात ती त्याने जन्मभर पानं कापत आली. माझ्या पाचवीला तोच होता आणि माझ्या लेकीच्याही. बाभळीची मूठ, मुठीला तांब्याचं कडं, टोक मोडलेलं, धार केव्हाच गेलेली, वर गंज. आई गेली तेव्हा भावाने विचारलं, तुला तिचं काय हवं? मी तो विळा मागितला होता.

आता नेमक्या त्या आठवड्यात टीव्हीवर काय दाखवावं? तर शेतातली जुनी गंजकी अवजारं द्यायची आणि त्यातून नवं, लखलखीत पातं घडवायचं. हे सोफ्यावर उठून बसले होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण माझं लक्ष डिंकाच्या लाडवांत.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला तपासणीला घेऊन गेले. परत आलो, मी फाटकाची कडी काढली आणि मागच्या अंगणातून आवाज आला, टिण्ण.

तो आवाज मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लेकीला ओट्यावर बसवून मी मागे गेले. हे तेलाच्या डब्यापुढे उकिडवे बसले होते, सांडशीत पातं धरलेलं. पात्याला नवं टोक काढलं होतं, आणि मधोमध केसाएवढा तडा. मी तोवरही ओळखलं नव्हतं. मग विटेवर ठेवलेली मूठ दिसली. तांब्याचं कडं तिला तसंच होतं.

"पाचवीला चकचकीत ठेवायचा होता गं," हे म्हणाले. "धार लावून. नातवंडासाठी."

जी बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायची, त्या वस्तूला धार! एवढी अक्कल फक्त आमच्याच घरात निपजू शकते. मी काही बोलले नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी बोलले. भरपूर बोलले. गल्लीतल्या तिन्ही परीक्षकांना ऐकू जाईल असं बोलले. आईची एवढीच एक वस्तू माझ्याकडे होती, तीही तुम्हाला खेळायला लागली, असं म्हणाले, आणि मग तिथेच रुळाच्या तुकड्यावर बसून रडले. हे सांडशी धरून तसेच बसून होते. त्यांना ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

भट्टी त्या दिवशी विझली ती विझलीच. टीव्हीही बंद. हे ओट्यावर बसून रस्ता बघत. मी जेवायला वाढे, ते जेवत, आणि ताट स्वतः घासून ठेवत, जे त्यांनी उभ्या जन्मात कधी केलं नव्हतं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. घर इतकं शांत झालं की एकदा मीच टीव्ही लावला. दाढीवाला गडी घण घालत होता. मी लगेच बंद केला.

लेकीला मुलगी झाली. पाचवीसाठी मी बाजारातून नवा विळा आणला. कारखान्यातला, लाल प्लॅस्टिकची मूठ, वर कंपनीचं स्टिकर. ते नखाने खरवडून काढलं तरी चिकटपणा राहिलाच.

पाचवीच्या संध्याकाळी यांच्या थोरल्या बहीण, अक्का, शिंदखेड्याहून आल्या. आल्या आल्या त्यांची नजर बाळंतिणीच्या खोलीत मांडलेल्या पाट्यावर गेली.

"हाई काय शे?" त्यांनी लाल मूठ दोन बोटांत उचलून अहिराणीत विचारलं. "तुनी मायना जुना कोठे गया?"

मी सांगितलं. सांगताना पुन्हा आवाज चढला माझा. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "भाऊ! ते तुटेल आन आठे." म्हणजे, ते तुटलेलं इकडे आण.

हे उठून गेले आणि डेपोच्या जुन्या पेटीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. अक्कांनी फडकं सोडलं. यांनी मूठ परत बसवली होती, कडं चिंचेने घासलं होतं. काढलेलं टोक कानशीने घासून पुन्हा बोथट केलं होतं, आईच्या वेळी होतं तसं. तडा मात्र होता तिथेच होता. हे सगळं त्यांनी केव्हा केलं, मला पत्ताही नव्हता.

"लोखंड शे ना? मंग बठ्ठं शे," अक्का म्हणाल्या. लोखंड आहे म्हणजे सगळंच आहे. "धार कसाले पाहिजे? पोरले काय भाजी चिरनी शे?" आणि त्यांनी तो विळा माझ्यापुढे धरला. ठेवायचा की नाही, ते मी ठरवायचं होतं.

बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस पुरुषमाणसाने यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक. आमचा जावईसुद्धा उंबऱ्यावरूनच बाळ बघून गेला होता. फडकं अक्कांच्या हाती देऊन हे उंबऱ्याशी थोडं थांबले. मग कुणाकडे न बघता पाठ फिरवून निघाले. मी ती चाल कितीदा तरी पाहिली होती, गवार मांडीवर घेऊन. फक्त यांच्याशी कुणी हात मिळवला नव्हता.

माझा राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या पाठीकडे बघवेना. मी लाल मुठीचा विळा पाट्यावरून उचलून बाजूला ठेवला. तिथे आईचा ठेवला, हळदकुंकू वाहिलं, दिवा ओवाळला.

"अहो," मी हाक मारली, "आत या. उशाखाली तुम्हीच ठेवा."

अक्कांनी भुवया चढवल्या. यांनी पायपुसण्यावर पाय पुसले, पुन्हा पुसले आणि आत आले. वाकून, बाळाला धक्का लागू न देता, विळा उशीखाली सरकवला. वरून तळहाताने चाचपून पाहिलं, एखादा नट बसला की नाही ते बघावं तसं.

"बसला का नीट, बाबा?" लेकीने विचारलं.

"बसला," हे म्हणाले.

मग ते तिथेच, खाटेशेजारी, फरशीवर बसले. त्यांना बाहेर जायला कुणीही सांगितलं नाही.