सेतुमाधवरावांची हुशार मुलगी

सेतुमाधवराव तंजावरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. खोटी सही ते हातभर अंतरावरून ओळखत, आणि त्यामुळे माणसंही तशीच ओळखता येतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांची एकुलती एक मुलगी भुवना अकरावीत गेली. दोन-तीन महिन्यांतच ती खोलीचं दार लावून बसू लागली. "अभ्यास!" सेतुमाधवराव नातेवाइकांना फोनवर सांगत. डोळे लाल दिसू लागले, तेव्हा अभ्यास जास्तच वाढला. लहानपणच्या मैत्रिणी सुटल्या, कारण त्या हिच्या तोलाच्या नव्हत्या. साध्या प्रश्नावर ती अंगावर धावून येई; बुद्धिमान माणसं तापटच असतात. दिवसभर ती वेलदोडे चघळत असे. रावांना त्यातही घराण्याची रसिकता दिसली.

"अहो, मला काही बरं लक्षण दिसत नाही," त्यांची बायको चंद्रमती म्हणाली. "तिच्या पाण्याच्या बाटलीला कसलासा वास येतो."

"प्लॅस्टिकचा असेल. तू उगाच भलतंसलतं मनात आणू नकोस."

भुवना दर शनिवारी बसने तिरुवैयारूला व्हायोलिन शिकायला जात असे. एका शनिवारी तिच्या शिक्षिका भामाबाई तिला घेऊन स्वतःच घरी आल्या. मुलीला आत पाठवून त्यांनी सरळ सांगितलं, "राव, हिचा हात थरथरतो. आज तर तोंडाला दारूचा वास येत होता."

रावांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. "बाई, मराठे राजांच्या काळापासून आम्ही या गावात आहोत. आमच्या घरात असलं काही घडत नाही."

"तोंड तर हुंगून बघा."

"बाप मुलीचं तोंड हुंगतो होय? उद्यापासून क्लास बंद!"

भामाबाई कॉफी न घेताच उठल्या. रावांनी त्याच दिवशी तीन घरी फोन लावले आणि हल्लीचे शिक्षक किती मत्सरी झालेत ते समजावून सांगितलं. भुवनाला एकदाही काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात पापनाशमला त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. भर दुपारी पंगत बसलेली. भुवना पायसम वाढायला निघाली, तिसऱ्या पानापाशी तिची झोकांडी गेली, आणि सगळं पातेलं व्याह्यांच्या मांडीवर रितं झालं. पाठोपाठ ती तिथंच ओकली. वास सगळ्या मांडवाला आला.

"पित्त!" सेतुमाधवराव ओरडले. "सकाळपासून उपाशी आहे पोर!"

सकाळी तिने पाच इडल्या खाल्लेल्या निम्म्या मांडवाने पाहिल्या होत्या.

रावांची भाची वरलक्ष्मी डॉक्टर होती. तिने भुवनाला आतल्या खोलीत निजवलं, तपासलं, आणि मग एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. झोप? चिडचिड? नवे मित्र? प्रत्येक प्रश्नाला रावच तोंड उघडायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "मामा, आजारी ती आहे. तिला बोलू द्या."

भुवनाने भिंतीकडे तोंड केलं. "सात महिने झाले. नव्या मैत्रिणीचा भाऊ आणून देतो. अप्पा, मला काही लपवावंच लागलं नाही. मी काहीही केलं की तुम्ही सगळ्यांना सांगायचात, अभ्यास करते म्हणून. मी तर चाचणीत दोन विषयांत नापास झालेय. तुम्हाला सांगायची भीती वाटायची, म्हणून पीत गेले."

चंद्रमती तिच्या उशाशी बसली आणि केसांवरून हात फिरवत राहिली. राव मात्र उभेच होते. इतकी वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या, आणि गुणपत्रकावरची बापाची सही पोरीनेच केली असणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

वरलक्ष्मीने तंजावरच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. भुवना तिथं दर आठवड्याला जाऊ लागली. मधे एकदा पुन्हा प्यायली, आणि या खेपेला आपण होऊन आईला सांगितलं. चंद्रमती तिला दुसऱ्याच दिवशी बाईंकडे घेऊन गेली. राव नातेवाइकांचे फोन घेईनासे झाले. चार महिन्यांनी भुवना म्हणाली, "मला व्हायोलिन शिकायचंय."

तेव्हा सेतुमाधवरावांना तिरुवैयारूची बस धरावी लागली. भामाबाईंनी त्यांना दोन शिकवण्या संपेपर्यंत ओसरीवर बसवून ठेवलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "बोला."

"चुकलं माझं," राव म्हणाले. बसमध्ये त्यांनी याहून बरंच लांबलचक काहीतरी जुळवलं होतं.

"शनिवारी मुलीला पाठवा," भामाबाई म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका."