वायरमनकाकांचं हाव

कुणाशी बोलायला लागले की ते डावा हात पाठीमागे नेऊन ठेवत. समोर रेशनवाला असो, रेफ्री असो, नाहीतर लेकीचा सासरा. खांबावरची ही सवय. एक हात मागे असला की झटका बसला तरी करंट छातीतून जात नाही, असं ते सांगत. माणसाशी बोलताना कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "खांबावर निदान धोक्याची पाटी असती, बाबू. माणसावर कुठं असती?"

वीजखात्यातून निवृत्त झालेले आमचे वायरमनकाका नांदेडातल्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी होते. कोचही तेच, चेंडूत हवा भरणारे तेच आणि सामन्याआधी मैदानावर फक्की मारून पांढऱ्या रेघा ओढणारेही तेच. इतका घाबरट माणूस तुम्ही पाहिला नसेल. किंवा पाहिलाही असेल, पण नीट पाहिला नसेल. मी रोज पाहत होतो, तरी माझंही तसंच झालं.

क्लबचा इतिहास सांगायला फार वेळ लागत नाही. रेल्वेतले दोन फिटर, वीजखात्यातले तीन लाइनमन आणि गल्लीत सापडतील ती पोरं यांनी तो काढला. नांदेड-लातूर मिळून जी लीग चालते तिच्या ब गटात आम्ही कायम तळाला. एकदाच अ गटात चढलो, तेही निर्णायक सामन्याला समोरच्या संघाची जीप किल्लारीजवळ बंद पडून ते पोचलेच नाहीत म्हणून. पुढच्या वर्षी सगळे सामने हरून परत खाली. पोरं रडकुंडीला आली होती. काकांना मात्र हायसं वाटलं. "बरं झालं. वर लई लोकाची नजर राहती."

गोलकीपर सरदारजी, मागच्या फळीत देगलूर नाक्याच्या मुसलमान मोहल्ल्यातले तिघे भाऊ, पुढे विष्णुपुरीच्या कॉलेजातली पोरं, असा आमचा संघ. शहरात कुठं वातावरण तंग झालं की काका एकेकाला फोन लावत. "घरीच हायस ना? मंग घरीच राह्य." सरावानंतर ते स्कूटरवरून देगलूर नाक्यापर्यंत त्या भावांच्या ऑटोमागे जायचे. भाऊ आतून हात हलवून चिडवायचे, "काका, आम्ही तुमच्याहून मोठे झालो आता!" काका हसायचे आणि मागे येतच राहायचे.

आता त्यांच्या हावबद्दल. आमच्याकडे हाव म्हणजे होय, पण तेवढंच नाही. एक जण बोलत असला की ऐकणारा मधूनमधून हाव, हाव करत राहतो. म्हणजे ऐकून राहिलो, बोला पुढं. त्यात कबुली नसते. काका तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत दोनदा हाव म्हणून मोकळे. रेफ्रीनं आमच्यावर पेनल्टी दिली, हाव. रद्द केली, हाव.

कामावर मात्र त्यांना हाव चालत नसे. त्यांच्याबरोबरचा एक लाइनमन सांगायचा की खांबावर चढण्याआधी ते सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला लावत, आणि पलीकडचा नुसता हाव म्हणाला की पाय जमिनीवरून उचलत नसत. "हाव देऊ नको मला. लाइन बंद केली, असं पुरं बोल. दोन बार बोल." नोकरीभर त्यांनी हे सोडलं नाही. हाव म्हणणाऱ्यानं फक्त ऐकलेलं असतं, त्याचा हात अजून बटणाकडे गेलेला नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमचं मैदान म्हणजे एका संस्थेची पडीक जागा. संस्थेच्या एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी खेळा म्हणून तोंडी सांगितलेलं, तेही पुढे वारले. एके सकाळी आम्ही सरावाला गेलो तर मैदानावर पांढऱ्या रेघा. आमच्या नव्हत्या. एक रेघ पेनल्टी बॉक्स कापून सरळ लिंबाच्या झाडाकडे गेली होती आणि कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या होत्या. काका रेघेच्या अलीकडे थांबले. "ओलांडू नका रे कुणी."

"फक्कीच हाय काका, करंट न्हाई त्यात," तिघा भावांतला धाकटा म्हणाला. आम्ही हसलो. काका हसले नाहीत. लीगचा नियम त्यांना पाठ होता: मैदान दाखवलं नाही तर नोंदणी नाही. मैदान गेलं की क्लब गेला.

संस्थेचे नवे व्यवस्थापक पुण्याकडचे होते. त्यांनी बोलावलं तेव्हा काकांनी मला सोबत घेतलं. ऑटोत बजावलं, "तू बोलू नको. तू पेटतोस." शर्टाच्या खिशात त्यांनी विनंतीचा अर्ज घडी करून ठेवला होता. वाटेत चारदा चाचपून पाहिला.

व्यवस्थापक गोड बोलत होते. "इथे आम्हाला पार्किंग करायचंय."

"हाव."

"तुमच्याकडे लेखी असं काही नाहीये."

"हाव."

"म्हणजे क्लबची काही हरकत नाही."

"हाव..." काकांनी खिशाकडे हात नेला. साहेबांचं पेन तोवर कागदावर चालू लागलं होतं. "फार सहकार्य केलंत काका," म्हणत त्यांनी हात जोडले, आणि शिपायानं दार उघडलं.

मी काय केलं? काही नाही. मला गप्प बसायला सांगितलं होतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगत सुटलो. खरं म्हणजे त्या थंड खोलीत मीही घाबरलो होतो.

जिन्यात काका पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "मी हाव म्हणलो, पण कबूल कुठं झालो? पुढचं ऐकायचं ना त्यायनी." माझ्या डोक्यात मथळा तयार होत होता.

मी तेव्हा निनावी पत्रकं लिहायचो. जुलमाविरुद्ध, दलालांविरुद्ध, आणि लोक ती वाचायचे. त्या दुपारी मी लिहिलं: "हाव कुणाची?" पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे हावरटपणा, आणि या कोटीची मला नशा चढली होती. मैदान कुणी विकलं, कुणाच्या हावेपायी पोरं रस्त्यावर आली, असं सगळं त्यात होतं. काकांचं नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती, हाव म्हटलं की सगळ्यांना काकाच आठवत. पुण्याच्या त्या साहेबाला आपलं हाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पत्रक संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाइलवर पोचलं. दुसऱ्या दिवशी काका किराणा दुकानात गेले तेव्हा मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. चार-पाच जणांनी त्यांना घेरलं. एकानं विचारलं, "काय काका, मैदानाचे पैसे खाल्ले म्हणून राहिले लोक?"

काका म्हणाले, "हाव."

ते ऐकत होते, एवढंच. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचायचा होता अजून. पण माणसं ओरडली, "ऐकलं का? कबूल झाला!" कुणीतरी त्यांची पिशवी हिसकली, डाळ रस्त्यावर सांडली. काकांनी दोन्ही हात छातीशी धरले होते. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी उठायला हवं होतं. हे पत्रक मी लिहिलंय आणि ते खोटं आहे, एवढं ओरडायला हवं होतं. मी कप तोंडाला लावून बसून राहिलो. मला त्या चार-पाच जणांची भीती वाटली. त्यांच्या तोंडात माझीच वाक्यं होती.

आठवड्याभरात ते घराला कुलूप लावून लातूरला लेकीकडे गेले. मैदानाला पत्रे लागले. यंदाच्या ब गटाच्या यादीत आमचा क्लब नाही.

दोन महिन्यांनी मी लातूरला गेलो. माफीचं पत्रक लिहून नेलं होतं, या वेळी माझ्या नावासकट. त्यांच्या लेकीनं दार अर्धंच उघडलं, मग आत घेतलं. "बाबा झोपलेत."

आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. बोटं फरशीला घट्ट रोवलेली. ताईंनी माझ्या नजरेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बेल वाजली की असंच करतेत आता."

मी पत्रक मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत. पाय हलले नाहीत. ताई पडद्याआड गेल्या, कुजबुज झाली, त्या बाहेर आल्या. "छापू नका म्हणतेत. चांगलं बी छापू नका. नावच घेऊ नका म्हणतेत."

म्हणून इथं नाव नाही. वायरमन नांदेडात पुष्कळ आहेत.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघालो. तीन मजले मी चपला मुद्दाम जोरात वाजवत उतरलो, फाटकाची कडीही आपटून लावली. मी गेलो, हे त्यांना आत नीट ऐकू जावं म्हणून.