समुद्राकडचं दार

९ सप्टेंबर १९९४. एफी पार्डीच्या पाकिटात एकशे दहा डॉलर होते आणि तेवढ्यात तिला एक दार बसवून हवं होतं. सोमवारी ती हे गाव सोडून मुलीकडे टोरांटोला कायमची राहायला जाणार होती. त्याआधी सेल्बीला घरात घ्यायला हवं होतं.

घर मूळचं या गावचं नव्हेच. सदुसष्ट साली ग्रे बेटावरची वस्ती उठली, तेव्हा रिकाम्या पिंपांवर तरंगवत ते इथे ओढून आणलं. ओहोटी लागलेली, सगळी घाई; घर टेकलं ते उलटं. दार डोंगराकडे, पाठ समुद्राकडे. "पुढच्या भरतीला फिरवू," म्हणाले, ते राहूनच गेलं. तिचा धाकटा भाऊ सेल्बी दुसऱ्या दिवशी कोंबड्या घेऊन होडीने निघाला, तो पोचला नाही. तेव्हापासून दिवेलागणीला मागच्या भिंतीवर थापा पडत. या गावात दार वाजवतो तो परका. घरचा माणूस सरळ आत येतो. पण सेल्बीने यावं कुठून?

बंदराला वळसा घालणाऱ्या रस्त्याने ती पायीच निघाली. मासेमारी बंद होऊन दोन वर्षं झालेली. होड्या पालथ्या, मासळीच्या खोपटांना कुलपं. ग्रे बेटावरून आलेली आणखी चार घरं वाटेत लागली. चारही रिकामी. तरी सवयीने तिने प्रत्येक खिडकीकडे पाहून मान हलवली.

दुकानातली डल्सी हसली. "एफीमावशी, निघायच्या तोंडावर नवं दार? भुताला भाड्याने देतेस की काय घर?"

"भाडं कसलं देतोय! जिवंतपणी कुणाला दमडी दिली नाही त्याने."

डल्सीचं हसू मावळलं. तिने बिजागऱ्या काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

बंदराच्या पार टोकाला अझराया सुतार राहत होता. त्याच्याकडे पडक्या शाळेचं एक दार होतं.

"एकशे पस्तीस पडतील. आणि पोरी, समुद्राकडे दार कुणी ठेवतं का? वारा घर गिळेल."

"वाऱ्यासाठी नकोय, काका."

त्याने तिच्या हातातले एकशे दहा घेतले. मग त्याने हत्यारांची पेटी उचलली.

दुपारी बाहेरून फळ्या उचकटताना त्याचा हात थांबला. भिंतीचा पांढरा रंग सगळीकडे शाबूत होता. फक्त एके ठिकाणी, उंच माणसाची मूठ पोचेल तिथे, तो झिजून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. उरलेलं काम अझरायाने आत येऊन केलं, आणि जाताना डोंगराकडच्या दाराने गेला.

संध्याकाळी एफीने नवं दार सताड उघडलं. "ये रे," म्हणाली. चहा निवला. थापा पडल्या नाहीत. काळोख दाटला तेव्हा तिने दार लोटलं आणि चुलीजवळच्या बाकावर बसायला गेली. पण तिथे बसवेना. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं झालं असतं. ती उभीच राहिली, मग तिने मुलीला फोन लावला.

"सोमवारी नाही येत मी."

"आता काय झालं, आई?"

"घरी माणूस आलाय. त्याला एकट्याला टाकून कशी येऊ?"

अझरायाचे पंचवीस डॉलर अजून द्यायचे आहेत.