निळ्या पट्ट्याचे गोळे

थोरलीच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या सासरी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. जाळी मात्र ती अशी सांधायची की फाटलं होतं कुठे, हे माशालाही सापडू नये. किनाऱ्याच्या एका टोकाला तिची शेड, दहा मिनिटांच्या चालीवर धाकट्या जावेची. दोघी मच्छीमार सोसायटीची जाळी दुरुस्त करायच्या आणि एकमेकींचं तोंड पाहायच्या नाहीत. नवऱ्यांना विचारावं तर ते खोकायला लागत. बिचाऱ्यांना घरी जाऊन जेवायचं असे.

त्या वर्षी भांडण पेटलं ते गोळ्यांवरून. जाळ्याच्या वरच्या दोराला बांधतात ना, ते प्लास्टिकचे पोकळ गोळे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, जाळी शेडमध्ये. भरतीचं पाणी थोरलीच्या पायऱ्या चढे, दहा-बारा गोळे उचलून नेई, आणि दुसऱ्या दिवशी ते धाकटीच्या दारात सापडत. थोरलीने गोळ्यांवर निळा पट्टा रंगवला आणि सोसायटीत चोरीची तक्रार ठोकली. चोरी शाबीत झाली की धाकटीची शेड आणि काम, दोन्ही थोरलीला मिळणार होतं.

"अहो, गोळे पाण्याबरोबर येतात. मी कशाला चोरू?" धाकटी म्हणाली.

"पाण्याला तुझाच पत्ता बरा पाठ!"

गंमत म्हणजे धाकटी खरं बोलत होती, आणि ते थोरलीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बापाच्या होडीत वाढलेली बाई ती! पावसाळाभर वारा समुद्रावरून तिरका येतो आणि वरवरचं पाणी किनाऱ्याला घासत धाकटीच्या दिशेने ढकलतो. पाऊस सरून वारा फिरला, की हळूहळू तेच पाणी उलटं, थोरलीच्या शेडपलीकडच्या दीपगृहाकडे चालू लागतं.

सुनावणी भर पावसात ठेवली, तर थोरलीची कंबर धरली. पंधरा दिवसांनी पुन्हा ठेवली, तर कंबर सुटली आणि दाढ ठणकू लागली. "वारा पडू दे, मग येते," असा निरोप आला. दाढ ठणकायची थांबली ती आभाळ निवळून दीपगृहावरचं निशाण उलट्या बाजूला फडफडू लागल्यावर. त्यानंतरही बाईंनी चांगले दोन आठवडे विश्रांती घेतली.

सोसायटीचे चेअरमन जातीचे किराणा दुकानदार. होडीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळे. त्यांनी अक्कल लढवली, "थोरलीच्या पायरीवरून वीस गोळे सोडा. धाकटीकडे गेले तर ती सुटली."

गोळे पाण्यात पडले, जरा डुचमळले आणि रांगेने दीपगृहाकडे निघाले.

"अहो, वारा फिरलाय आता!" धाकटी ओरडली. "पावसात सोडून बघा की!"

जमलेल्या खलाशांना सगळं कळत होतं. पण त्यांची निम्मी जाळी अजून थोरलीच्या शेडमध्ये अडकून होती. सगळे पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत उभे राहिले.

"किल्ली दे," थोरली जावेला म्हणाली. "आणि जाताना झाडून जा."

धाकटीने किल्ली वाळूत फेकली. शेडमागच्या दोन खोल्यांत तिचं घर होतं, तेवढं राहिलं. ती लोकांची कोळंबी सोलायला जाऊ लागली.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच मोठ्या भरतीने चौदा गोळे नेले. उजाडताना ते धाकटीच्या जुन्या शेडसमोर पडलेले होते, निळे पट्टे वर करून. शेडला कुलूप, किल्ली थोरलीच्याच कमरेला. आता चोर कुणाला म्हणायचं? कुणी पाहिलं तर सुनावणी पुन्हा उभी राहायची आणि शेड हातची जायची. थोरलीने गोळे फळीवर ठेवून पाहिले. समुद्राने ते फळीसकट नेले. तेव्हापासून ती रोज उजाडायच्या आत टोपली घेऊन वाळू तुडवू लागली.

एका पहाटे धाकटी चहाचा कप घेऊन दारात बसली होती.

"जाऊबाई, त्या दगडाआड एक राहिला बघा."

थोरलीने तो उचलून टोपलीत आपटला. "जा की मग चेअरमनकडे! वाट कुणाची बघतेस?"

"जाईन हो. घाई काय आहे?" धाकटीने सावकाश घोट घेतला. "वारा फिरायला अजून तीन महिने आहेत. तोवर वाका रोज. कंबर बरी आहे ना आता?"