चावी त्यांची, बोटं माझी

एका दुपारी मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायली स्वतःच्या नावावर करून घेतल्या. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल. तेव्हा वय त्रेचाळीस, टायपिंगची परीक्षा हिंदी-इंग्रजी दोन्ही पास, आणि डोकं हे असं.

त्याचं फळ दुसऱ्या सकाळीच मिळालं. छपाई बंद. मुलांचे दाखले निघेनात. व्हरांड्यात पालकांची रांग, आत दोन शाळांचे हेडमास्तर. त्या सगळ्यांसमोर बडे बाबू मला म्हणाले, "सात पुश्तों में जिनके नाम पे एक खाट नहीं, वो मशीन अपने नाम कर रही है."

लोक हसले. मीही हसले. तेच अजून खुपतं. शिवी त्यांनी दिली, हसले मी. ओठ आपोआप फाकले.

दोन दिवस कॉम्प्युटरच्या खोलीत जायची बंदी. पालकांच्या बाकावर बसायचं, की-बोर्डचं प्लास्टिकचं कव्हर घडी करून मांडीवर. येणारा-जाणारा विचारायचा, बाई, तुम्ही बाहेर कशा? मी सांगायची, हवा खातेय.

ऑफिस एका संस्थेचं होतं. नाव सांगत नाही. तिच्या तीन शाळा, एक बुधवाऱ्यात, एक राजपुऱ्यात, एक नदीपलीकडे जैनाबादला. बुऱ्हाणपूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि तिन्ही शाळांची दफ्तरं एकाच मशीनवर आणायचं चाललं होतं. बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. मशीनची मोठी चावी, म्हणजे सगळे अधिकार देणारा पासवर्ड, त्यांच्या डायरीत. पण टाइप करणं त्यांना येत नव्हतं. शिवाय ज्या बटणांवर माझी बोटं पडायची त्यांना ते हात लावत नसत. वेळ आलीच तर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबायचे. आमच्या वस्तीतली बोटं ना. माझी आई जैनाबादच्या मळ्यात केळीचे घड वाहायची, तिला ओंजळीत वरून पाणी ओतत. मला पेन्सिल. प्रगतीच म्हणायची.

तर रोज सकाळी ते डायरी उघडून एकेक अक्षर बोलायचे. मी टाइप करायची. शेवटी म्हणायचे, "टाइप कर और भूल जा."

मी खरंच विसरायचा प्रयत्न करायची. रोज.

त्या मशीनवर प्रत्येक फाईलपुढे दोन गोष्टी दिसतात. तिचा मालक कोण, आणि ती वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी कुणाला. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव. रूट. रूट. रूट. मला वाटलं हा बडे बाबूंचाच कुणी भाऊबंद. हजेरीपटावर नाही, कधी दिसत नाही, आणि सगळं ह्याचंच. महिनाभर मी त्या रूटवर पाळत ठेवून होते. रूट हा माणूस नव्हेच, मोठ्या चावीनं उघडणाऱ्या खात्याचं ते नाव, हे फार उशिरा कळलं. नात हे ऐकून अजून हसते, आणि बरोबर हसते.

त्या दुपारी बाबू मावा जिलेबी खायला गेले. मशीन मोठ्या चावीनं उघडलेली तशीच. मी मालक बदलायचा हुकूम एकदम सगळ्या फायलींवर चालवला. मग यादी काढली. माझं नाव. खाली माझं नाव. त्याच्या खाली माझं नाव. पोटात गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

घोळ निस्तरायला इंदूरहून तंत्रज्ञ आला. त्यानंच मला बाकावरून आत बोलावलं. "दीदी, आप भी देख लो." प्रोग्राम गठ्ठ्यानं येतो, त्याला पॅकेज म्हणतात. ते बसवताना कुठली फाईल कुणाची आणि परवानगी किती, हे मशीन स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवते. एका हुकुमानं ती आजची स्थिती त्या नोंदीशी ताडून काय बदललं ते दाखवते. आणखी दोन हुकुमांनी सगळं मूळपदावर येतं. आधी मालक, मग परवानगी. उलटं केलं तर फुकट, कारण मालक बदलला की काही खास परवानग्या मशीन आपोआप काढून घेते. तिन्ही हुकूम त्यानं मला कागदावर लिहून दिले. मला त्याचाही संशय आला. हा फुकट का शिकवतो?

पुढं निकाल आले. जैनाबादची यादी जोडून झाली आणि नववीत नापास झालेली एक मुलगी पास निघाली. मोठ्या चावीशिवाय हे होणं शक्य नव्हतं. संस्थेचे सचिव चौकशीला आले.

"चावी माझ्याच डायरीत आहे," बाबू म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "इसने चुराई होगी. पहले भी कर चुकी है."

मग त्यांनी मला कबुलीजबाब टाइप करायला बसवलं. माझाच. टाइप येणारी ऑफिसात मी एकटी. तो छापला, सही झाली, की नोकरी गेली. ते बोलत होते, मी टाइप करत होते. मैं स्वीकार करती हूँ कि. त्यांचं वाक्य मध्येच वाकडं झालं, ते मी सरळ करून टाइप केलं. स्वतःचा फास, तोही नीटनेटका पाहिजे बाईला.

"चोरी से," ते म्हणाले.

बोटं थांबली. मी हात मांडीवर घेतले.

"हे मी टाइप करणार नाही."

"क्या?"

"काय बदललं आणि कधी बदललं ते मशीन सांगेल. चावी तुमची आहे, तुम्ही टाका."

मी खुर्ची सोडून उभी राहिले. बाबूंनी खुर्चीवर रुमाल अंथरला, डायरी काढली, पेन्सिल उलटी धरली. पासवर्ड टाकताना त्या पडद्यावर काहीच उमटत नाही. साधा ठिपका नाही. हे त्यांना माहीतच नव्हतं. एक बटण दाबलं, पडद्याकडे बघितलं. तेच परत दाबलं. परत बघितलं. मशीननं त्यांना तीनदा नाकारलं.

"इसने मशीन बिगाड़ दी."

"रोज कोण टाकतं?" सचिवांनी विचारलं.

बाबू डायरीची पानं चाळायला लागले. मग मी बोलले. आवाज बकरीसारखा निघाला, पण निघाला. "मी टाकते. हे सांगतात म्हणून, रोज. तेवढं यांनी कागदावर लिहून सही करावी. मग आत्ता टाकते. नाहीतर इंदूरहून माणूस बोलवा."

सचिवांना जेवायला उशीर होत होता. माझ्या न्यायाचं त्यांना काही पडलं नव्हतं. "लिख दो, बात खत्म करो," ते बाबूंना म्हणाले. बाबूंनी लिहिलं, सही केली.

कागद घेतला. रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि बसले. चावी टाकली, ताडून बघायचा हुकूम दिला. निकालाच्या पॅकेजचा कप्पा, म्हणजे गुणांच्या फायली जिथं असतात तो, कुणीतरी सगळ्यांना लिहायला मोकळा केला होता. बदलाची तारीख काढली. त्या दिवशी मी रजेवर, बहिणीच्या बाळंतपणाला. माझ्या खुर्चीत बदली म्हणून बाबूंचा भाचा बसला होता, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. सचिव खिडकीबाहेर बघायला लागले. ती मुलगी त्यांच्याच नात्यातली, हे मला नंतर कळलं. संशय तेव्हाच आला होता.

कप्पा मी मूळपदावर आणला. माफी कुणी मागितली नाही. मी थांबलेही नाही. निघताना एवढंच म्हणाले, "तोंडी सांगितलेली चावी यापुढे मी टाकणार नाही. द्यायची तर माझ्या नावानं, लेखी."

संध्याकाळी पूल ओलांडून आईकडे गेले. ती ओट्यावर केळफूल सोलत होती. सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवेल.

"सही तुज्यासमोर केली?"

"हो."

"कागद कुठं हाय?"

"पिशवीत."

"आण इकडं, माज्या पेटीत ठेवते." चिकट झालेली बोटं तिनं पदराला पुसली. "उद्या तो गोड बोलंल. चहा बी पाजंल, सोताच्या कपात. तू पी. आन् दुसरा कागद माग, चावीचा, तुज्या नावाचा."