उघडण्यासाठी घेतलेली गाडी

मी नमस्कार केला की आमचे शेजारी हात जोडत नसत. दोन्ही कोपरं पुढे करून म्हणत, "जयभीम गुरुजी, हात खराब हायेत." पोस्टात कामावर असले की हाताला शिक्क्याची शाई, घरी असले की ग्रीस. राळेगावात आमची घरं समोरासमोर होती, तरी त्यांचे स्वच्छ हात मी क्वचितच पाहिले.

यंत्राचं वेड लहानपणचं. पोरवयात यवतमाळच्या एका गॅरेजात शिकायला गेले, तर मिस्त्रीने झाडू दिला. हत्यारांना शिवू दिलं नाही. पुढे छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला जाताना त्यांचा ट्रक वाटेत बंद पडला. ती गोष्ट ते दर वेळी त्याच शब्दांत सांगत. "ड्रायव्हरनं मले जात नाही इचारली. म्हणला, पाना धर." तेव्हाच त्यांनी ठरवलं, आपणही एक गाडी घ्यायची, फिरायला नव्हे, उघडायला.

चार-पाच वर्षांनी एका रविवारी ते मला घेऊन जुन्या गाड्या बघायला यवतमाळला गेले. पहिली गाडी रंगवलेली, चालती होती. मला पसंत पडली. ते हळूच म्हणाले, "चालतीपासून काय शिकीन मी?" दुसरीच्या इंजिनाला तडा होता, ती त्यांनी दुरूनच सोडली. तिसरी कापसाच्या एका दलालाची, गोदामामागे पडलेली. मागच्या सीटवर कोंबड्या नांदत होत्या. यांनी अंगातल्या पांढऱ्या सदऱ्याची पर्वा न करता खाली सरपटून पाहिलं, हँडल फिरवलं, एकेक भाग चाचपला. बाहेर आले ते हसतच. "बिमार हाय गुरुजी, पण सारं जागेवर हाय."

बैलजोडी लावून गाडी राळेगावला आणली. एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तीही सोबत आली. वहिनींनी कोंबडी ठेवून घेतली आणि नवऱ्याशी चार दिवस अबोला धरला.

पण नंतर त्याच गाडीजवळ येऊन बसू लागल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पाने मात्र नुसत्या आकारावरून ओळखत. गाडीखालून यांचा हात बाहेर यायचा आणि वहिनी नेमका हवा तो पाना त्यावर ठेवायच्या. वर्षभराने गाडी सुरू झाली. दोघं बाजारापर्यंत जाऊन आले. आम्हाला वाटलं, झालं आता. पण दुसऱ्याच रविवारी ती पुन्हा उघडलेली. चालू झाली, की हे उघडायचेच. आम्ही सगळे त्यावर हसायचो.

अशाच एका रविवारी सकाळी वहिनींच्या पोटात दुखत होतं. दुपारपर्यंत इंजिन सुटं होऊन अंगणात पोत्यावर मांडलेलं होतं, आणि वहिनी कळांनी वाकून गेल्या होत्या. यवतमाळची एस.टी. निघून गेली होती. शेजारच्याची बैलांची बंडी जुंपली. मी बरोबर होतो. हे बंडीत चढले नाहीत, बाजूने चालत राहिले. वहिनींनी त्यांचा ग्रीसने माखलेला हात घट्ट धरला होता.

निम्मीसुद्धा वाट झाली नव्हती. आम्हाला कुणाला कळलं नाही, त्यांना कळलं. ते चालता चालता थांबले आणि बंडीवाल्याला म्हणाले, "थांबव बापू. आता घाई नाही."

पंधरा दिवस ते अंगणात बसून इंजिन जोडत होते. मी जाऊन बसायचो. एकदा खाली पाहतच म्हणाले, "उघडू का म्हणून मी तिले इचारलं होतं, गुरुजी. ती म्हणली, मले बरं वाटून राह्यलं, उघडा तुम्ही."

त्यांनी पान्याने एक नट आवळला. मग पुन्हा म्हणाले, "इचारलं होतं मी."

गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. आवाज ऐकून आळीतली माणसं दारात आली. ते आत जाऊन बसले. मला वाटलं, निघतील कुठेतरी. पण ते निघाले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले, आणि गाडी अंगणात जागच्या जागी चालत राहिली. माझी बायको जेवायला बोलावून आली. त्यांनी नुसती मान हलवली. बंद करा असं म्हणायचा कुणाला धीर झाला नाही.

पेट्रोल संपलं तेव्हा ती आपोआप थांबली. ते उतरले, वळसा घालून पलीकडे गेले आणि वहिनी बसत त्या बाजूचं दार नीट लागलं आहे का, ते ओढून पाहिलं.